अर्धी उरलेली वाटी

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की करंजीच्या पुढे तिसगाव येतं. जवळच कानिफनाथांची मढी, तिथली यात्रा आणि गाढवांचा बाजार. मुलूख कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा, दारात दुभती गाय बाळगणाऱ्यांचा आणि दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीसाठी निघणाऱ्या टोळ्यांचा. अशा गावात अंगणवाडीत वजनाचा दिवस असला, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "ताई, हे काही खातच नाही बघा." पाठोपाठ आजी पुस्ती जोडते, "दोन घास घेतंय अन् तोंड फिरवतंय. अंगाला काही लागतच नाही." पुण्यातल्या सोसायटीत किंवा परदेशातल्या मराठी घरात बोली बदलते, काळजी तीच असते.

या एका तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही बाळं वयाला साजेसं खात असतात, पण मोठ्यांना ते कमी वाटतं. काहींना भूक चांगली लागते, मात्र ती जेवणाआधीच भलत्या गोष्टींनी भागवली जाते. आणि थोड्या बाळांची भूक खरोखरच मेलेली असते, तिथे आजार शोधावा लागतो. आपल्याकडे होतं असं, की पहिल्या बाळाला टॉनिक पाजलं जातं आणि तिसऱ्याची नुसती दृष्ट काढली जाते. आपलं बाळ या तिघांतलं कोणतं, हे ओळखता यावं यासाठी हे प्रकरण.

आधी वाढीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये बाळांच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या निरोगी बाळांची मापं त्यासाठी घेतली होती. भारतातली बाळं दिल्लीची होती. या तक्त्यांतून एक गोष्ट ठळक दिसली: पोषण आणि आरोग्य नीट असेल, तर सुरुवातीच्या वर्षांत या सगळ्या देशांतली बाळं जवळपास सारखीच वाढतात. अंगणवाडीताई वजन मांडते तो तक्ता हाच. मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा.

या तक्त्यात मुलग्याचं मधलं वजन जन्माच्या वेळी 3.3 किलो, सहाव्या महिन्यात 7.9, वर्षाला 9.6 आणि दोन वर्षांना 12.2 किलो आहे. मुलींचे आकडे 3.2, 7.3, 8.9 आणि 11.5. आता वेग पाहा. मुलगा पहिल्या सहा महिन्यांत महिन्याला साधारण पाऊण किलो वाढतो. पुढच्या सहा महिन्यांत महिन्याला पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या वर्षात तर जेमतेम दोनशे ग्रॅम. शरीराची मागणी घटली, की भूकही घटते. वर्षाच्या आगेमागे "आधी छान खायचं, आता बघतसुद्धा नाही" अशी तक्रार घरोघरी सुरू होते, तिचं मोठं कारण हे आहे. त्यातच बाळ रांगायला, उभं राहायला लागलेलं असतं. जगात बघण्यासारखं इतकं काही असताना वाटीपुढे बसून राहायला ते तयार नसतं.

म्हणून एका जेवणावरून, किंवा एका दिवसावरूनही, काही ठरवू नये. जन्मतः लहान असलेलं बाळ तक्त्यातल्या खालच्या रेघेने चाललं, तरी त्या रेघेला धरून वर सरकत असेल, खेळकर असेल, तर त्याची भूक त्याच्यापुरती पुरेशी आहे. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून हाती काही लागत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी माता-बालकांचा अभ्यास करत आले आहेत. आपल्याकडची नवजात बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी आणि दिसायला किडकिडीत असली, तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं, हे त्यातून समोर आलं. तेव्हा बाळ गुबगुबीत व्हावं म्हणून साखर-तुपाचा मारा करण्यात शहाणपण नाही. त्याची उंची वाढायला हवी, रक्त भरायला हवं.

अगदी तान्ह्या बाळाचा प्रश्न वेगळा. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. बाळ दिवसाला सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतं आहे. या वयात पाणी, मध, बाळगुटीची उगाळणी यांपैकी कशाचीच गरज नाही. मध तर वर्ष होईपर्यंत चाटवू नये. त्यातून क्वचित का होईना, पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

पोट केवढं?

बाळाच्या पोटात किलोमागे सुमारे 30 मिली अन्न मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे पाव लिटरच्याही आतलं. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला एका वेळी साधारण 125 मिली, म्हणजे लहान वाटीभर अन्न पुरे, असं आहारशास्त्र सांगतं ते याचमुळे. आपण मात्र मोठ्यांच्या आमटीची वाटी भरून घेतो आणि ती अर्धी उरली की हवालदिल होतो.

पोट इतकं लहान असताना त्यात काय जातं, याला फार महत्त्व येतं. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे 300 कॅलरी लागतात. लहान वाटी तीनदा भरवली, तर 375 मिली अन्न झालं. म्हणजे प्रत्येक मिलीतून पाऊण कॅलरीच्या वर मिळायला हवी. ते अन्न पातळ असलं आणि मिलीला 0.3 कॅलरीच देत असलं, तर तिन्ही वाट्या चाटूनपुसून संपवल्या तरी बेरीज सव्वाशेच्या पुढे जात नाही. बाळाने पोटभर खाल्लं आणि तरी ते उपाशी राहिलं, असा हा प्रकार.

"पचायला हलकं" म्हणून आपण जे देतो, त्यात नेमकं हेच घडतं. वरणाचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज, भाज्या उकडून गाळलेलं सूप. डाळ पातेल्याच्या तळाशी बसते आणि बाळाच्या वाट्याला हळदीचं पाणी येतं. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला तळाची डाळ पचते. चमचा तिरका केला तर अन्न सावकाश घसरावं, पाण्यासारखं ओघळू नये, इतकं ते दाट हवं.

मग दाट अन्न गिळायला जड जातं, त्याचं काय? यावर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात काम केलं. आधार जुन्या घरगुती कृतीचाच होता. धान्याला मोड आले, की त्यात पिष्टाचे लांब रेणू तोडणारं विकर तयार होतं. अशा धान्याचं पीठ चमचाभर जरी दाट खिरीत घातलं, तरी काही मिनिटांत खीर सैल होते. पाणी न वाढवता ती पातळ झालेली असते, म्हणजे तेवढ्याच घासात बळ जास्त. नाचणीसत्त्व करणाऱ्या आपल्या आज्यांच्या हाताला हे ठाऊक होतं. कारण प्रयोगशाळेने दाखवलं.

घरी करायचं तर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी, फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड आणावेत, उन्हात कडकडीत वाळवावी, मोड चोळून काढावेत, अगदी हलकं शेकून दळावं. खरपूस भाजलं तर विकर मरतं. खीर शिजवून कोमट झाली, की चमचाभर पीठ घालून ढवळावं, पाचेक मिनिटं थांबावं आणि पुन्हा एक उकळी काढून मगच भरवावी.

याहून सोपा उपाय तेलाच्या किटलीत आहे. चहाच्या चमच्याभर तेलातुपात सुमारे 45 कॅलरी असतात. मऊ खिचडीत तेवढं करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल सोडलं, वर चमचाभर शेंगदाण्याचं बारीक कूट टाकलं, की तीच वाटी जवळपास 70 कॅलरींनी वजनदार होते. कूट पिठासारखं हवं. अख्खे दाणे, फुटाणे, डाळिंबाच्या बिया लहान मुलाच्या श्वासनळीत अडकतात. बाजरीची भाकरी डाळीत कुस्करून, मोडाची मटकी शिजवून-घोटून, अंडं उकडून, शेवग्याचा पाला वरणात बारीक चिरून, असं तिसगावच्या स्वयंपाकघरातच बाळाचं ताट तयार होऊ शकतं. बाजारातल्या महागड्या डब्यावाचून त्याचं काही अडत नाही.

भूक जाते कुठे?

नगर जिल्हा दुधाचा. घरात गाय असली, की बाळाला दूध कमी पडू द्यायचं नाही ही मायेची गोष्ट. पण वर्षाच्या आत गाईचं दूध आईच्या दुधाच्या जागी देऊ नये, आणि वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की ते जेवणाची जागा खातं. गाईच्या दुधात लोह नगण्य असतं. दुधावर पोट भरलेलं बाळ डाळ-भाजी नाकारतं, रक्त कमी होतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मंदावते. मग आई म्हणते, "निदान दूध तरी पितंय." असं हे चक्र फिरत राहतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं पातळ औषध देतात. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. आशाताई ते घरी आणून देते. शौचाला काळसर होतं म्हणून ती बाटली फडताळात ठेवून देऊ नये. काळं होणं अपेक्षितच आहे.

दुसरा चोर म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट. पाच रुपयांचा पुडा रडणं थांबवतो आणि पुढच्या दोन तासांची भूकही. चहातले घटक लोह शोषू देत नाहीत ते वेगळंच. कुरकुऱ्यांची पाकिटं, चॉकलेट, गोड सरबतं याच पंगतीतली. बाळाला वेळच्या वेळी भूक लागायची, तर दोन खाण्यांमध्ये दोन-अडीच तास त्याच्या तोंडात काही पडू नये. पाणी आणि आईचं दूध याला अपवाद, पण ताटाच्या अगदी आधी पाजणं टाळावं.

मांडीत दाबून भरवणं

भरवण्याची एक जुनी रीत अजूनही दिसते. बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं, हात काखेत अडकवायचे, एका हाताने गाल दाबायचे आणि रडण्यासाठी तोंड उघडलं की पळी आत. आजची सुधारित आवृत्ती म्हणजे मोबाइल: चित्रात गुंगलेल्या बाळाच्या तोंडात न कळत घास. पहिल्या रीतीत अन्न श्वासनळीत जाण्याचा धोका आहे. दुसरीत पोट भरल्याची जाणीवच हरवते. आणि दोन्हींत बाळाच्या लेखी जेवण म्हणजे एक झटापट होऊन बसते. चमचा पाहूनच तोंड मिटणारी बाळं बहुधा अशी घडलेली असतात.

मुळात बाळाला स्वतःचं पोट कळतं का? अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी दूध सोडण्याच्या वयातल्या बाळांवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पहिला अहवाल 1928 चा, समारोप 1939 चा. एकूण 15 बाळं आणि 34 साधे पदार्थ. दाईने स्वतःहून काही भरवायचं नाही. बाळ बोट दाखवेल तेच द्यायचं. बाळांच्या निवडी तऱ्हेवाईक होत्या, एखादं आज अंड्यांवर तुटून पडे तर उद्या फळांवर. तरी सगळी चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर बरं होईपर्यंत माशाच्या यकृताचं तेल आपणहून घेतलं. मात्र या प्रयोगातली मेख डेव्हिस यांनीच सांगून ठेवली आहे: समोर ठेवलेल्या पदार्थांत साखर, मैदा, डबाबंद असं काहीच नव्हतं. काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते बाळांनी.

पुढे 1991 मध्ये लिअॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या 15 मुलांचं खाणं दिवसचे दिवस मोजलं. एकेका जेवणातल्या कॅलरींत सरासरी 34 टक्क्यांच्या आसपास चढउतार होता. दिवसभराच्या बेरजेत मात्र फक्त 10 टक्क्यांच्या आसपास. सकाळी कमी खाल्लेलं मूल पुढच्या जेवणांत भरपाई करत होतं. नव्या पदार्थाबाबतही घाई नको. भोपळा एकदा थुंकला म्हणजे आवडत नाही असं नसतं. आठ-दहा वेळा चव घेतल्यावर तोच भोपळा चालतो.

त्याच जिल्ह्यातलं जामखेड

बाळ खात नाही हा प्रश्न एकट्या आईचा मानायचा की गावाचा, याचं उत्तर नगर जिल्ह्यानेच शोधलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ दुष्काळाची वर्षं आली. गावोगाव मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला. मग प्रत्येक गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. बाळांची वजनं घेणं, कोणतं बाळ मागे पडतंय ते हेरणं, वरचं अन्न वेळेवर सुरू करायला लावणं, ही कामं त्या घरोघर जाऊन करू लागल्या. शहरातून आलेल्या डॉक्टरचं जे सासू ऐकत नसे, ते ओळखीच्या बाईचं ऐकत असे. प्रकल्पाच्या सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे पावणेदोनशेच्या घरात असलेले बालमृत्यू पुढच्या दोन दशकांत कितीतरी पटींनी घटले. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण या भागाला मिळालेली खरी शिकवण अशी, की आईला दोष देऊन बाळाचं वजन वाढत नाही. तिच्या हाताशी वेळ, अन्न आणि कुणीतरी जाणतं माणूस असावं लागतं.

पाथर्डी तालुक्यातल्या अनेक कुटुंबांपाशी साखर कारखान्यांच्या हंगामात यातलं काहीच उरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात गेलेली आई बाळाला पाचटाच्या सावलीत ठेवते आणि मोठी बहीण जमेल तसं सांभाळते. तिथे चार वेळा गरम खिचडी करा म्हणणं ही थट्टा होईल. अशा घराने निघताना तीन वाटे बाजरी किंवा गहू आणि एक वाटा मूगडाळ भाजून दळून पीठ न्यावं, शेंगदाण्याचं कूट वेगळ्या डब्यात. उकळत्या पाण्यात पीठ शिजवलं, वर तेल-कूट घातलं, की दहा मिनिटांत बाळाचं जेवण तयार. सहा महिने ते तीन वर्षं वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार दिवसाला 500 कॅलरींच्या हिशेबाने मिळतो. पोषण ट्रॅकरवर नाव स्थलांतरित करून घेतलं, तर तो दुसऱ्या गावच्या अंगणवाडीतही मागता येतो. गाव सोडण्यापूर्वी ताईला तेवढं सांगून जावं.

भूक खरंच गेली असेल तर

आजारात भूक मरते. सर्दी-ताप, जुलाब, तोंड येणं यांत चार-आठ दिवस बाळ खात नाही; तेव्हा थोडं थोडं, वारंवार द्यावं आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्यावं. जंतांचं औषध वर्ष पूर्ण झाल्यावर, शाळा-अंगणवाडीतल्या जंतनाशक मोहिमेत मिळतं. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी चुरून.

पण पुढची लक्षणं असतील तर दुकानातून भुकेचं टॉनिक आणण्यात वेळ घालवू नये, सरळ डॉक्टर गाठावा: लागोपाठ दोन महिने वजन न वाढणं किंवा घटणं, दूध पिताना धाप लागणं, घाम फुटणं, प्रत्येक घासाला ठसका, जोराच्या उलट्या, शौचातून रक्त, रेंगाळणारा ताप किंवा खोकला, लघवी कमी होणं, बाळ मलूल पडणं. हृदयाचा दोष, लघवीतला जंतुसंसर्ग, क्षय असली कारणं कधी कधी कमी भुकेमागे दडलेली असतात.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण. अशा बाळाची तर चक्क भुकेची परीक्षा घेतात. शांत जागी, आईच्या मांडीवर बसवून त्याला ठरलेला आहार देतात आणि किती खाल्लं ते मोजतात. जे बाळ खातं, आणि ज्याला दुसरा आजार नाही, त्याच्यावर गावातच उपचार होऊ शकतात. जे खात नाही त्याला रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात नेतात, कारण तिथे भूक नसणं हीच धोक्याची खूण मानली जाते.

दिवस असा आखा

दहा महिन्यांच्या बाळाला तीन जेवणं आणि एक-दोन किरकोळ खाणी पुरेत. सकाळी उठल्यावर आईचं दूध, नऊच्या सुमाराला नाचणीची खीर, दुपारी डाळीत कुस्करलेली भाकरी, चारला केळं किंवा उकडलेलं अंडं, संध्याकाळी खिचडी, मध्ये आणि रात्री पुन्हा आईचं दूध. घरच्यांच्या पंगतीत बसवा, ताटलीत दोन चमचे वाढा, चिवडू द्या, सांडू द्या. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचला. तोंड मिटलं, मान फिरवली, की जेवण संपलं. मागे वाटी घेऊन अंगणभर फिरायचं नाही. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं. किती आणि खायचं की नाही हे बाळाने, अशी वाटणी अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी करून दिली आहे. एकत्र कुटुंबात ती पाळायची, तर नियम सगळ्या घराला एकच हवा. आईने दोन तास थांबायचं आणि आजोबांनी कोपरीच्या खिशातून हळूच बिस्किट काढायचं, असं चालणार नाही. बाळ या वेळापत्रकाला आठवड्याभरात सरावतं. आजोबांना जरा जास्त दिवस द्यावे लागतात.